पदकाच्या पाठीवरचा क्रमांक

लष्करी पदक, बिल्ला किंवा गणवेश पारखताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: ती वस्तू ज्या काळातली म्हणून सांगितली जाते त्याच काळातली आहे का, हा पहिला, आणि ज्या माणसाची म्हणून सांगितली जाते त्याच माणसाची आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर धातू, मीना, कापड, धागा आणि शाई यांच्याकडून बहुधा मिळते. दुसऱ्याचे उत्तर मात्र वस्तूवर नाव किंवा क्रमांक कोरलेला असेल, तिच्याबरोबर कागद असेल आणि तो कागद कोठल्या तरी दप्तराशी जुळत असेल, तरच मिळते. संग्राहकांचा बाजार मुख्यतः पहिल्या प्रश्नावर चालतो, तर इतिहासाला दुसरा अधिक मोलाचा असतो. या दोहोंमधले अंतर सोव्हिएत लष्करी वस्तूंच्या बाबतीत फार ठळकपणे दिसते, कारण त्या राज्याने आपल्या वरिष्ठ सन्मानचिन्हांवर एकेक क्रमांक कोरला, त्यांची नोंद ठेवली, आणि १९९१ मध्ये ते राज्य विसर्जित झाल्यावर त्याच वस्तू, बहुतेकदा आपल्या नोंदींपासून तुटून, जगभरच्या जुन्या बाजारांत विक्रीला आल्या.

दिंडोरी तालुक्यातील वणी हे गाव द्राक्षांसाठी आणि सप्तशृंगीच्या वाटेवरचे ठिकाण म्हणून ओळखले जाते, आणि त्याचा मॉस्कोतल्या टांकसाळीशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु वणीहून पिंपळगाव बसवंतमार्गे निघाल्यास तासाभराच्या आत ओझर येते, आणि ओझरला १९६४ मध्ये मिग-२१ या सोव्हिएत लढाऊ विमानाच्या परवान्याखालील बांधणीसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, जेथे पुढे मिग-२७ आणि नंतर सुखोई-३० एमकेआय ही विमानेही तयार झाली. ज्या मिग-२१ साठी हा कारखाना काढला गेला त्या विमानाला भारतीय हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे निरोप दिला, म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ चाललेला एक संबंध आता इतिहासजमा होऊ लागला आहे. या काळात ओझरला सोव्हिएत तज्ज्ञ आले, राहिले, येथील कामगारांबरोबर त्यांनी काम केले. आणि छातीवर लावायचे छोटे बिल्ले, ज्यांना रशियन लोक झ्नाचोक म्हणतात, ते जमवणे आणि ओळखीच्या माणसाला भेट देणे ही तर सोव्हिएत समाजातील सर्वत्र रुळलेली रीत होती. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतल्या एखाद्या निवृत्त कामगाराच्या घरी लेनिन, गागारिन किंवा १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचे अस्वल असलेला बिल्ला जुन्या डब्यात निघाला, तर त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

असा बिल्ला पारखण्याच्या दृष्टीने अगदी सोपा असतो. तो बहुधा हलक्या अॅल्युमिनियमचा असतो, त्यावर पातळ रंग चढवलेला असतो, आणि मागे टाचणीशेजारी कारखान्याची खूण व पुष्कळदा कोपेकमधली किंमतही ठशानेच उमटवलेली असते. कारण सोव्हिएत व्यवस्थेत किंमत राज्य ठरवीत असे आणि ती वस्तूवरच छापली जाई. इतक्या स्वस्त वस्तूची नक्कल करण्याची तसदी कोणी घेत नाही, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे जवळजवळ नेहमीच होकारार्थी येते. दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र हाच बिल्ला मुका होतो. तो कोणी दिला, कोणाला दिला, कोणत्या विमानाच्या बांधणीच्या वेळी दिला, हे ज्याला ठाऊक होते तो माणूस गेला आणि कोणी लिहून ठेवले नसेल, तर त्या बिल्ल्यात आणि मॉस्कोच्या इझमायलोवो बाजारात ढिगाने विकल्या जाणाऱ्या बिल्ल्यात काहीही फरक उरत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘ऑर्डर ऑफ द रेड स्टार’, म्हणजे लाल ताऱ्याचा सन्मान उभा आहे, आणि त्याची एक वाट भारतीय सैन्यातूनही गेली आहे. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा इराणमध्ये शिरल्यावर पर्शियन आखातापासून उत्तरेकडे सोव्हिएत सीमेपर्यंत रसद नेण्याचा मार्ग खुला झाला, आणि त्या मार्गावर रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर या भारतीय पुरवठा दलाच्या मोटार तुकड्यांनी धूळ, बर्फ आणि डोंगरी घाटांतून माल वाहिला. त्या कामगिरीबद्दल १९४४ मध्ये या दलातील दोन सैनिकांना लाल ताऱ्याचा सन्मान मिळाला: तमिळनाडूचे सुभेदार नारायणराव निकम आणि आजच्या उत्तराखंडातले हवालदार गजेंद्रसिंह चंद. निकम हे आडनाव कळवण, देवळा आणि मालेगावकडे गावोगाव भेटते, तरीही ही नोंद नाशिककडे फारशी कोणाला ठाऊक नाही. युद्धाच्या इतिहासात तोफा आणि चढाया लिहिल्या जातात, ट्रक चालवणाऱ्यांचे नाव मात्र एखाद्या पदकामुळेच टिकून राहते. असे असताना ते पदक खरे असणे आणि ते त्याच माणसाचे असणे, या दोन्ही गोष्टींचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

हा सन्मान ६ एप्रिल १९३० रोजी स्थापन झाला आणि सोव्हिएत राज्याच्या अखेरीपर्यंत तो ३८ लाखांहून अधिक वेळा दिला गेला. चांदीचा पाच टोकांचा तारा, टोकांवर माणकासारखा लाल आणि पारदर्शक मीना, मधल्या ढालीत लांब कोट घातलेला व हाती बंदूक घेतलेला लाल सैन्याचा शिपाई, त्याच्याभोवती जगभरच्या कामगारांना एकजुटीची हाक देणारे घोषवाक्य आणि खाली विळा-हातोडा, असे त्याचे रूप आहे. वजन साधारण ३३ ग्रॅम भरते. हा तारा फितीला लटकत नाही. त्याच्या पाठीतून मळसूत्र असलेला खिळा निघतो, तो गणवेशाच्या उजव्या छातीवरील भोकातून आत जातो आणि आतल्या बाजूने, कानातल्या कुड्यांना असते तशी, पण चांगली रुपयाएवढी फिरकी त्यावर घट्ट बसवली जाते.

जाणकाराच्या हाती असा तारा आला की तो आधी उलटा करतो. पुढची बाजू सर्वांना दाखवण्यासाठी केलेली असते आणि नक्कल करणाराही सगळी मेहनत तेथेच खर्च करतो; पाठीवर मात्र टांकसाळीचे नाव, क्रमांक, खिळ्याची झाळ आणि धातूचा पोत उघडा पडतो. खरा तारा पोलादी ठशाखाली प्रचंड दाबाने छापलेला असतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा तीक्ष्ण आणि अक्षरांमधली जमीन सपाट, घट्ट दिसते. खऱ्या ताऱ्याचा साचा घेऊन त्यात चांदी ओतून केलेल्या नकलेत हीच जमीन भिंगाखाली बारीक खड्ड्यांची आणि बुडबुड्यांची दिसते, अक्षरे कडेला गोलसर होतात, आणि ओतलेला धातू थंड होताना आक्रसत असल्यामुळे ती नक्कल मूळ ताऱ्यापेक्षा किंचित लहान भरते. मोजपट्टीवर दिसणारा हा फरक केसाएवढा असला तरी तो लपवता येत नाही. मीन्याचीही अशीच गोष्ट आहे. खरा मीना म्हणजे काचेची पूड भट्टीत वितळवून धातूवर बसवलेला थर असतो, तो कठीण असतो आणि त्याच्या तळाशी धातूवरच्या रेषा तेजाने दिसत राहतात. नकलेतला रंग राळेचा असतो, तो भट्टीत जात नाही, सुईचे टोक त्यात रुतते, आणि त्याची लाली उथळ दिसते. ज्या ताऱ्याच्या टोकावरचा मीना थोडा उडाला आहे त्याला बाजारात कमी किंमत येते, म्हणून कित्येकदा अशा जागा राळेने भरून तारा नवा केला जातो. वास्तविक उडालेली ती कपची आणि तिच्या कडेला साचलेला वर्षानुवर्षांचा मळ हाच तो तारा कोणीतरी अंगावर वागवल्याचा पुरावा होता, आणि निर्दोष वस्तूचा हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकाने तो पुसून टाकायला लावला, असेच म्हणावे लागते.

क्रमांकाची परीक्षा याहून सूक्ष्म आहे. तारे जसजसे तयार होत गेले तसतसे क्रमांक वाढत गेले, आणि ठसेही झिजून बदलले, टांकसाळीचे नाव लिहिण्याची पद्धत बदलली, अक्षरांची जागा सरकली. त्यामुळे कोणत्या क्रमांकाच्या टप्प्यात कोणता ठसा असायला हवा, हे अभ्यासकांनी हजारो तारे तपासून बसवले आहे, आणि क्रमांक एका काळचा पण ठसा दुसऱ्या काळचा आढळला की तेथेच संशय पक्का होतो. क्रमांक कोरलेले असत आणि विशेषतः जुन्या ताऱ्यांवर ते हाताने कोरलेले असल्यामुळे त्यांच्या खोलीत आणि वळणात माणसाच्या मनगटाची किंचित अनियमितता राहते. आधुनिक यंत्राने कोरलेले आकडे सर्वत्र सारख्याच खोलीचे दिसतात. परंतु सर्वांत धोकादायक खोटेपणा या दोहोंत येत नाही. पूर्णपणे खरा, टांकसाळीत छापलेला तारा घेऊन त्याचा मूळ क्रमांक घासून काढला जातो आणि त्याच्या जागी एखाद्या नामांकित लढाईतल्या, कागदपत्रे उपलब्ध असलेल्या सैनिकाचा क्रमांक कोरला जातो. अशा वेळी चांदी खरी, मीना खरा, ठसा खरा आणि तरीही वस्तू खोटी, कारण तिने जे सांगायचे ते सांगणेच बदललेले असते. घासलेल्या जागी पाठ किंचित खोलगट होते, तिरप्या उजेडात तेथे वेगळी चमक येते आणि वजनही थोडे घटते. पण हे ओळखण्यासाठी डोळा आधीच तयार असावा लागतो.

सोव्हिएत सन्मानाबरोबर एक लहानशी पुस्तिका दिली जाई, जिच्यात धारकाचे नाव, सन्मान आणि क्रमांक लिहिलेले असत. ही पुस्तिका हरवली तरी सगळे संपत नाही, कारण सन्मानासाठी वरिष्ठांनी केलेली शिफारसपत्रे मॉस्कोजवळील पोडोल्स्क येथील संरक्षण मंत्रालयाच्या केंद्रीय अभिलेखागारात जपलेली आहेत आणि महायुद्धकाळातली लक्षावधी शिफारसपत्रे रशियाने २०१० पासून सर्वांना पाहण्यासाठी खुली केली आहेत. त्या पत्रांतला मजकूर वाचणारा माणूस पदकांकडे पुन्हा निव्वळ संग्राहकाच्या नजरेने पाहू शकत नाही; कोणी रात्री नदीवर तार टाकली, कोणी जखमी सोबत्याला ओढून मागे आणले, एवढ्याच चार ओळी तेथे असतात, आणि त्या चार ओळींचा पत्ता म्हणजे पाठीवरचा तो क्रमांक. याच कारणाने रशियाच्या दंडसंहितेत, ३२४ व्या कलमाने, सोव्हिएत आणि रशियन राज्याच्या सन्मानांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला आहे. संग्राहकांना हा कायदा जाचक वाटतो. परंतु त्यामागची धारणा, की सन्मान माणसाला दिला जातो आणि तो पैसे देऊन दुसऱ्याचा होऊ शकत नाही, ही योग्य आहे.

एकाच नावाच्या दोन वस्तूंमध्येही किती अंतर असू शकते, हे ‘देशभक्तीच्या युद्धाचा सन्मान’ या चिन्हावरून कळते. तो मे १९४२ मध्ये स्थापन झाला आणि लढाईतल्या कामगिरीसाठी दिला गेला; पुढे १९८५ मध्ये विजयाच्या चाळीसाव्या वर्षी हयात असलेल्या माजी सैनिकांना तोच सन्मान मोठ्या संख्येने पुन्हा दिला गेला. युद्धकाळातल्या पहिल्या श्रेणीत खरे सोने होते, १९८५ च्या चिन्हात चांदीवर मुलामा. दोन्ही खरी, दोन्ही राज्याने दिलेली. परंतु १९८५ चे चिन्ह स्तालिनग्राडचे म्हणून विकले गेले, तर खोटे ते चिन्ह नसून ते विकणाऱ्याचे बोलणे असते.

गणवेशाकडे वळले की ही गुंतागुंत आणखी वाढते, कारण कापड बदलते, उसवले जाते, पुन्हा शिवले जाते. रशियन क्रांतीनंतर १९१७ च्या अखेरीस जुन्या राजवटीची खूण म्हणून खांदेपट्ट्या काढून टाकल्या गेल्या आणि पुढे हुद्दा कॉलरवरच्या पट्टीवर दाखवला जाऊ लागला. पंचवीस वर्षांनी, जानेवारी १९४३ मध्ये, त्याच राज्याने खांदेपट्ट्या परत आणल्या. गिम्नास्त्योर्का या नावाने ओळखला जाणारा, डोक्यातून घालायचा सदरा तोवर पडत्या कॉलरचा होता, तो आता उभ्या कॉलरचा झाला. पण युद्धाच्या ऐन मध्यात लक्षावधी जुने सदरे फेकून देणे शक्य नव्हते आणि ते झिजेपर्यंत वापरण्याची मुभाही होती, म्हणून जुन्या पडत्या कॉलरच्या सदऱ्यावर नव्या खांदेपट्ट्या टाचलेल्या दिसतात. नवशिका संग्राहक हा मेळ पाहून वस्तू बनावट ठरवतो. जाणकार मात्र कॉलरवर पाहतो, आणि पूर्वीच्या पट्टीखाली राहिलेला न विटलेला चौकोन व उसवलेल्या टाक्यांची भोके तेथे दिसली, तर तो सदरा १९४३ चा बदल स्वतःच्या अंगावर दाखवणारा साक्षीदार आहे, हे त्याला कळते.

नंतरची दुरुस्ती म्हणजे लबाडीच, असे मानणे नाशिक जिल्ह्याच्या अभ्यासकाला तर मुळीच शोभणार नाही. सिन्नर तालुक्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला, त्यात क्षहरात राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी होती, आणि त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एकाच नाण्यावर हरलेल्या राजाचा चेहरा आणि त्यावर जिंकलेल्या राजाची चिन्हे, असे दोन थर भिंगाखाली वेगळे करता येतात. आणि नहपान व सातकर्णी हे समकालीन होते, एकाने दुसऱ्याचे राज्य घेतले, हा निष्कर्ष त्या दुहेरी ठशांनी बळकट झाला. थर वाचण्याची ही विद्या जिल्ह्याला परकी नाही. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या पायथ्याशी १९८० मध्ये भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था उभी राहिली, डॉ. परमेश्वरीलाल गुप्त हे तिचे पहिले संचालक होते, आणि ओतीव व छापील नाणे कसे ओळखावे, ठसा कसा जुळवावा, कड कशी पाहावी, याचे जे शिक्षण तेथे नाण्यांसाठी आहे तेच शब्दशः पदकांनाही लागू पडते. पदक हे अखेर टांकसाळीचेच अपत्य आहे.

कापडाच्या परीक्षेतली एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे, कारण ती आपल्या घरांत हमखास बिघडते. नाशिकरोडच्या मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जातात, आणि नोटेचा कागद अतिनील दिव्याखाली चमकत नाही, त्यातले ठरावीक तंतू आणि क्रमांकाची शाई तेवढी चमकते, हे बाजारपेठेतल्या कोणत्याही दुकानदाराला ठाऊक असते. संग्राहक हाच दिवा सदऱ्यावर धरतो. कापड पांढरेशुभ्र दिसावे म्हणून धाग्यात मिसळली जाणारी तेजक रसायने महायुद्धानंतरच सर्रास वापरात आली, त्यामुळे शिवणीचा धागा निळसर पेटून उठला तर शिवण अलीकडची, असा अंदाज बांधता येतो. परंतु हीच रसायने आजच्या कपडे धुण्याच्या पावडरीतही असतात. म्हणून पणजोबांचा खराखुरा जुना कोट सुनेने प्रेमाने, स्वच्छ करून ठेवावा म्हणून बादलीत भिजवला, की तोही दिव्याखाली चमकू लागतो आणि परीक्षा निकामी होते. अशा वेळी शिवणीच्या आत दुमडलेला भाग, बटणामागचा धागा, अस्तरावर शाईने मारलेला कारखान्याचा, मापाचा आणि वर्षाचा शिक्का, यांचाच आधार उरतो. छातीवरची भोकेही बोलतात. उजव्या बाजूला मळसूत्री ताऱ्याचे भोक असेल तर त्याच्या कडेचे धागे आतल्या फिरकीच्या घर्षणाने चपटे आणि काळपट झालेले असायला हवेत. काल पाडलेल्या भोकाचे धागे उभे आणि फुललेले असतात.

येथे नकलेविषयीही न्याय्य बोलले पाहिजे. चित्रपटांसाठी, नाटकांसाठी, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी ड्रेपरीवाले जे लष्करी पोशाख ठेवतात त्यांत फसवणूक नसते, कारण पाहणारा आणि दाखवणारा दोघेही त्याला सोंग म्हणूनच ओळखतात. सोव्हिएत राज्य विसर्जित झाल्यावर जुन्या ठशांवरच नव्याने छापलेले बिल्ले हीही एक अवघड, पण अप्रामाणिक म्हणता न येणारी कोटी आहे. वस्तू जेथे तयार झाली तेथे ती बहुधा निर्दोष असते; ती एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तिच्यावर जी कथा चढवली जाते, तेथे खोटेपणा शिरतो.

कोणताही नियम वस्तूच्या घडणीचा इतिहास जाणल्याशिवाय लावू नये, याचे उदाहरण मराठी सैनिकांच्याच छातीवर आहे. ओतीव म्हणजे नक्कल, हा सोव्हिएत ताऱ्याचा नियम व्हिक्टोरिया क्रॉसला लावला तर खरा क्रॉस बाद होईल, कारण लंडनमध्ये तयार होणारा तो कांस्याचा क्रॉस मुळात ओतूनच करतात आणि नंतर हाताने रेखतात. त्याची खरी ओळख वरच्या पट्टीमागे कोरलेले सैनिकाचे नाव आणि क्रॉसच्या पाठीवर कोरलेला पराक्रमाचा दिवस यांत असते. माणगाव भागातले यशवंत घाडगे यांचा १० जुलै १९४४ आणि संगमनेरजवळच्या निमजचे नामदेव जाधव यांचा ९ एप्रिल १९४५, हे इटलीतल्या लढायांचे दोन दिवस अशा प्रकारे धातूत कायमचे नोंदले गेले आहेत.

एवढे मोठे सन्मान थोड्यांच्या वाट्याला येतात. साध्या शिपायाच्या घरी असते ते पहिल्या महायुद्धाचे चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल आणि त्याच्या जोडीला इंद्रधनुष्यी फितीचे कांस्याचे व्हिक्टरी मेडल, किंवा त्यानंतरच्या पिढीत १९७१ चा पश्चिमी स्टार नाही तर पूर्वी स्टार. ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर, म्हणजे ज्या बारीक गोल पट्टीकडे कोणी पाहत नाही तेथे, सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठशाने उमटवलेली असते. हे पदक ३६ मिलिमीटर व्यासाचे, आणि कडेवरचे नाव घासून दुसरे टाकले की व्यास तेवढ्यापुरता कमी होतो, म्हणून जाणकार ते तीन-चार जागी मोजून पाहतो. मेसोपोटेमियात लढलेल्या ११७ व्या मराठा पलटणीचा एखादा शिपाई, ज्याचे छायाचित्र नाही, पत्र नाही, समाधी नाही, त्याचे नाव कोणी तरी नीट अक्षरे जुळवून लिहिले अशी जगातली एकमेव जागा म्हणजे ती कड असू शकते. महाराष्ट्रातल्या काही गावांत, या गावातून इतके लोक महायुद्धात गेले आणि इतके परतले नाहीत, असे सांगणाऱ्या संगमरवरी पाट्या आहेत, पण त्यांवर आकडे असतात. नावे पदकांच्या कडांवर असतात.

आणि नेमकी हीच पदके मोडीत निघाली. चांदीचा भाव चढला की सोनार तिचा कस पाहतो, कड वाचत नाही, हा त्याचा दोष नव्हे. पण आटणीत गेलेल्या पदकाबरोबर नावाची एक कड कायमची गेली, आणि मागे राहिले ते जोडीचे कांस्याचे पदक, ज्याला वजनात किंमत नव्हती. जी आटली नाहीत त्यांतली कित्येक दर दसऱ्याला चिंच आणि राखेने घासून लखलखीत केली गेली, इतकी की कडेवरची अक्षरे आता बोटाला लागत नाहीत. घासणाऱ्या हातांत भक्तीच होती.

या भक्तीबद्दल तुच्छतेने बोलता येत नाही, कारण ज्या देवीला सारा महाराष्ट्र वणीची देवी म्हणतो, आणि जिचा गड खरे तर कळवण तालुक्यात आहे, त्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरही भक्तीनेच पिढ्यान्‌पिढ्या शेंदराचे थर चढले होते. २०२२ मध्ये ते थर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, महिनाभराहून अधिक काळ खपून उतरवले गेले, आणि त्या वर्षीच्या घटस्थापनेला भाविकांना मूळ मूर्तीचे दर्शन झाले. दगडावर थर चढवला तर तो उतरवता येतो. चांदीच्या कडेवरून खरवडून गेलेले अक्षर परत आणता येत नाही, आणि म्हणूनच पदकाच्या बाबतीत काही न करणे हीच उत्तम जपणूक ठरते. काळवंडलेली चांदी ही तिची विटंबना नव्हे, तिचे संरक्षण आहे.

शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंना १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याचे संरक्षण आहे आणि परवान्यावाचून त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. पहिल्या महायुद्धाची पदके आता या वयाला पोहोचली आहेत. तरीही कायदा दारोदार येऊन पदके वाचवणार नाही. वणी, दिंडोरी, कळवण, निफाड या भागांतल्या ज्या घरांत पलटणीचे पदक, ओझरच्या दिवसांतला रशियन बिल्ला किंवा आजोबांचा लष्करी कोट असेल, त्या घरांनी तो धुऊ नये, घासू नये. उजेडात धरून कडेवरचे आणि पाठीवरचे प्रत्येक अक्षर व आकडा वहीत उतरवावा, दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे घ्यावीत, वस्तू कोणाची आणि कोणाकडून आली हे घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारून त्याच्या नावानिशी व तारखेनिशी लिहावे, आणि तो कागद, सैन्यातून सुटताना मिळालेले पुस्तक, पेन्शनचे कागद, सारे त्या वस्तूबरोबर एकाच पिशवीत ठेवावे. अडचणीपोटी विकण्याची वेळ आलीच, तर पदक एकाला आणि कागद रद्दीला, असे न करता दोन्ही एकत्रच द्यावेत.